अकरा तलाव आणि एक नाव

१ डिसेंबर. सांगली. सकाळी ६.
आज निघतोय. एकवीस दिवस, अकरा तलाव. जुन्या टेंपो ट्रॅव्हलरमध्ये बेड, शेगडी, सिंक, सगळं मिरजेच्या गॅरेजात स्वतः उभं राहून बसवून घेतलंय. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. पाण्यातलं मला कळतं. पाण्याकाठच्या हवेनं शरयूची स्मरणशक्ती परत येणार, यात शंका नाही.
ज्ञानदा पुण्याहून फोनवर रडली. बाबा, आईला घरातली न्हाणी सापडत नाही, तिला घेऊन कुठं हिंडताय, म्हणाली. पोरीला प्लॅनिंग कळत नाही, पहिल्यापासून.
डॉक्टरांनी रोज पाच प्रश्न विचारायला सांगितलेत. वार, गाव, मुलाचं नाव, मुलीचं नाव, नवऱ्याचं नाव. आजचे मार्क तीन. गाव आणि ज्ञानदा बरोबर. नवऱ्याचं नाव सांगितलं नाही, पण तो मार्क मी दिला. बेचाळीस वर्षांत तिनं माझं नाव उच्चारलेलं नाही. लग्नात उखाण्यालासुद्धा नुसती हसली होती. आता या वयात कशी घेईल?

२ डिसेंबर. शिराळ्याच्या पुढे, चांदोली.
सिंक गळतं. पाणी थेट तिच्या गादीत. गॅरेजवाला फोन उचलत नाही.
'घरी कधी जायचं' असं तिनं सत्तावीस वेळा विचारलं. म्हणजे घर आठवतंय. उत्तम लक्षण.
मार्क दोन. (एक माझा.)

४ डिसेंबर. कोयनानगर.
ट्रिपचा मुख्य पॉइंट. लग्नानंतरची सहा वर्षं इथल्या क्वार्टरमध्ये गेली. इथं तिला सगळं आठवणार, हे मी ज्ञानदाला लेखी कळवलं होतं.
क्वार्टर दाखवली. कोण राहतं इथं, म्हणाली. राजस याच अंगणात चालायला शिकला, असं सांगितलं. 'गोड असेल हो तो,' म्हणाली. राजस चाळिशीचा आहे, कॅनडात असतो.
परत येताना मला जरा भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. उन्हामुळे. उद्यापासून टोपी घालायची.
मार्क एक. (माझा.) पण पहिल्याच आठवड्यात रिझल्टची घाई करू नये.

६ डिसेंबर. मायणी.
पक्षी बघायला आलो. पक्षी नाहीत. ते का नाहीत हे विचारायला तळ्याच्या रखवालदाराकडे गेलो, फार तर दहा मिनिटं. परत आलो तर शरयू गाडीत नाही.
एसटी स्टँडवर सापडली, दीड तासानं. पायात एकच चप्पल. हॉटेलवाल्या दादासोनं तिला बाकावर बसवून चहा दिला होता. मला चार लोकांत बोलला. "आवं, बाईमाणसाला असं सोडून जात्यात व्हय? सांगलीची गाडी कवा हाय म्हणून सारखं इचारत हुत्या. घरी नवरा उपाशी हाय म्हणत्यात."
म्हणजे बघा, एवढ्या आजारातही माझी काळजी! वास्तविक मी खिचडी खाल्ली होती.
ठराव: यापुढे गाडीला बाहेरून कडी.

८ डिसेंबर. राजेवाडी तलाव.
क्लच गेला. विट्याहून मेकॅनिक उद्या येणार. आज तलावाचा निवांत आस्वाद.
मेंढरं घेऊन बिराप्पा आणि त्याची बायको तानुबाई शेजारीच उतरलेत. भाकरी आणि ठेचा दिला. बिराप्पानं माझं नाव विचारून घेतलं आणि लगेच 'मधुकरराव, मधुकरराव' सुरू केलं. मोकळा माणूस.
तानुबाई शरयूच्या मागे लागली, "मालकांचं नाव घ्या की बाई!" शरयू खाली बघत राहिली. "लय लाजत्यात," म्हणून ती हसली. मीही हसलो. मग तानुबाई हसायची थांबली. शरयूचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली. उठताना मला हळूच म्हणाली, "आवं, त्या लाजत न्हाईत. त्यास्नी ठावंच न्हाई."
बाई प्रेमळ आहे. पण शिक्षण नाही, त्यामुळे निरीक्षण चुकतं.
मार्क एक. (माझा.) द्यावा की नाही, थोडा विचार केला. दिला.

९ डिसेंबर. दुपार.
क्लच झाला. सात तलाव बाकी. बिराप्पानं लांबूनच हाक मारली, "मधुकरराव, सावकाश जावा!" मी गाडी सुरू केली. शरयू मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन नीट बसली होती. आणि तिनं नाव घेतलं. स्पष्ट. 'मधुकर.'
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मागे वळून बघितलं.
'मधुकर, गाडी सांगलीला घ्या,' म्हणाली. 'आमचे हे जेवायचे थांबले असतील.'
मी 'होय बाई' म्हटलं. गाडी वळवली.

संध्याकाळी ७. सांगली.
नवऱ्याचं नाव: शून्य. आधीचे आठही खोडले.
उतरताना तिनं माझे आभार मानले. उशीर झालाय, चहा घेऊन जा, हे येतीलच एवढ्यात, म्हणाली. चहा मीच केला. ती फाटकाकडे बघत पायरीवर बसलीय. मी शेजारी बसलोय. अजून कुणी आलेलं नाही.