घर चिमीचे, शाळा तिच्या घरी

मी, या घराच्या तळमजल्यावरील विशेष मुलांच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार याच घराच्या माडीवर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे कामातून गेले आहेत, डोके नाही. डॉक्टरांनी तसे लिहूनही दिले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मी भरीस पडणारी असते तर ही शाळा केव्हाच बंद झाली असती.

माझ्यामागे दोन भावंडे आहेत. धाकटा भाऊ, आणि त्याच्याहून धाकटी चिमी. चिमी उशिरा बोलायला लागली, वाचता तिला आलेच नाही. कोपऱ्यावरच्या मोठ्या शाळेच्या हेडमास्तरांनी तिला प्रवेश नाकारला. "आमचा निकाल खाली येईल, बाई," म्हणाले. मी त्यांच्याच शाळेत शिकवत होते. नोकरी सोडली आणि खालच्या खोलीत सतरंजी अंथरली. आमच्या पटावर पहिले नाव चिमीचे. पुढे त्याच हेडमास्तरांचा नातू आमच्याकडे शिकायला आला. एक टोमणा अगदी जिभेच्या टोकावर आला होता, पण पोराने माझे बोट धरले होते. तो टोमणा मी कोणाच्या नावे करत नाही, बरोबर घेऊन जाते.

वडिलांची सुतारकामाची हत्यारे भावाला द्यावीत. तो ती वापरणार नाही, पण रंधा हातात घेतला की त्याचा चेहरा निवळतो. माझी पुस्तके सध्याच्या मुख्याध्यापिकेला. मुले तिला मोठ्या बाई म्हणतात, जेमतेम माझ्या खांद्याला लागते तरी. बँकेतली शिल्लक चिमीच्या औषधपाण्याला, आणि तिच्या चपलांना. त्या एकाच बाजूने झिजतात, तेव्हा कोणी कंजूषपणा करू नये.

भाऊ म्हणतो, "ताई, पट उरलाय कुठे? आणि प्रगतीचं म्हणशील तर दरवर्षी तोच शेरा." खोटे नाही. काही मुले धीट होऊन साध्या शाळेत गेली, काहींना आईबाप घराबाहेरच काढत नाहीत. तपासनीस लिहून जातात, "अपेक्षित प्रगती नाही." एका मुलाने वर्षभर खपून शर्टाचे बटण स्वतः लावले, तेही भलत्याच काजात. आम्ही दिवसभर ते तसेच राहू दिले. तो छाती काढून वर्गावर्गातून हिंडत होता. तपासनिसांच्या तक्त्यात बटणाला रकाना नाही, म्हणून इथे नोंदवते.

हजेरीची एक रीत आहे, ती मोडू नये. चिमीचे वय वाढले तसे शिक्षण खात्याच्या कचेरीने तिचे नाव पटावरून कमी केले. दुसऱ्या दिवशी हजेरी थेट दुसऱ्या नावापासून सुरू झाली, तर आमच्या चिमी बाईसाहेब उभ्याच राहिल्या, बसेनात. तेव्हापासून मोठ्या बाई पहिले नाव घेण्याआधी जरा थांबतात. चिमी "हजर" म्हणते, मग बाकीची मुले. तपासनीस समोर बसले असले तरी थांबावे.

आता घर. भावाचे म्हणणे, ते विकावे आणि चिमीला चांगल्या आश्रमात ठेवावे. "तुझ्यामागे ती मला झेपायची नाही, ताई," तो खाली मान घालून म्हणाला. खरे बोलला, म्हणून मला राग नाही. पण माझी झोप उडाली. वकिलांनी मसुदा आणला, "घराचा व चिमीचा ताबा शाळेच्या मंडळाकडे राहील." त्या एका शब्दाशी मी अडले. ताबा घराचा घेतात, माणसाचा नाही. उद्या पट कमी म्हणून मंडळाने शाळा बंद केली, तर बाकांबरोबर चिमीही बाहेर.

म्हणून सगळे उलटे करून घेतले. हे घर तहहयात चिमीचे. शाळेत एक जरी मूल येत असेल, तोवर शाळा तिच्या घरी बिनभाड्याने राहील. चिमीच्या पश्चात घर शाळेचे. व्यवहार मोठ्या बाईंनी पाहावा आणि माडीवर चिमीसोबत राहावे. मोठ्या बाईला विचारले तर म्हणाली, "आजच उशी आणू का?"

मग चिमीला विचारले. वकील समोरच होते.

"चिमे, मी नसले की हे घर तुझं. शाळेला इथं राहू देशील?"

"पोरं येणार?"

"येणार."

"मग राहू दे. पण तू कुठं जाणार?"

"लांब," मी म्हटले.

"मग सांगून जा."

वकिलांनी चष्मा पुसायला काढला. मला ते सांगणे तोंडाने जमेलसे वाटत नाही, आणि वेळही आपल्या हातातली नसते. तरी माझे शेवटचे कलम असे: हे मृत्युपत्र भावाच्या, मंडळाच्या किंवा कचेरीच्या आधी चिमीला वाचून दाखवावे. माडीवर, तिच्याजवळ बसून, सावकाश. तिला कळेपर्यंत पुन्हा वाचावे. आणि तिला सांगावे, की ताई न सांगता गेली नाही.

लिहून ठेवणार: चिमीची ताई (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. घरचे डॉक्टर (सही)
२. शेजारचे शिंपी (सही)

स्थळ: शाळेची खालची खोली
दिनांक: दुसऱ्या सत्राचा पहिला सोमवार, हजेरीनंतर