वैशूचा डबा

इंदापूर, मंगळवार, १७ सप्टेंबर १९९६

कचेरीच्या कामानं आज बारामतीला गेलो. दुपारी एसटी स्टँडवर लेक दिसली, वैशू. तिथल्याच कॉलेजात आहे, होस्टेलवर राहते. आपल्या इंदापूरच्या एसटीनं घरून तिचा डबा जातो, तो घ्यायला आली असेल, असं वाटलं. पण ती तिथंच बाकावर डबा उघडून एकटी जेवत होती. कॉलेज सुरू झाल्यापासून रोज तिथंच जेवते म्हणे.

"होस्टेलवर का नाही जेवत?"

"तितं मी 'आहे'च्या जागी नुसतं 'हाय' म्हणलं तरी पोरी हसत्यात. हितं बरं वाटतं, आण्णा. हितं समदी आपल्यासारखी बोलत्यात." मग घाईनं म्हणाली, "आईला सांगू नका. ती घरी घिऊन यील, मग ऱ्हायलंच कॉलेज."

आणि मी काय केलं? घड्याळ पाहिलं, 'जा, तास बुडेल' म्हणालो. शेजारी बसून तिच्या डब्यातला एक घास खाल्ला असता तर काय बिघडलं असतं?

घरी आल्यावर हिनं विचारलं, "मैत्रिणी झाल्यात का न्हाय पोरीला?"

"होतील," म्हणालो. शब्द निवडून. खोटं बोललो नाही, पण खरं तरी कुठं सांगितलं? सांगावं तर शिक्षण तुटतं. न सांगावं तर पोर त्या बाकावर एकटी.

हिनं थोडा विचार केला. "उद्यापास्नं चार भाकरी जादा घालते. वाटून खाल्ल्याबिगर कुठं मैत्री हुती?"

आता आत पीठ चाळतेय.