ओलं की सुकं

आबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. परवा शुक्रवारी मिळालं आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. खोलीतल्यांनी विचारून पाहिलं, पोट बिघडलंय का, घरून काही कळलंय का. काय सांगू त्यांना? तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की घरात तुमचं नाव निघालं तरी कुणाचा आवाज बदलत नाही. आणि मी इथं दोह्याला, कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत, खाटेवर पाय हलवत बसलोय. बसल्या जागी पाय हलवला की लक्ष्मी जाते म्हणायचात. जाऊ दे गेली तर, आज पाय थांबत नाहीत.

मी पहिल्यांदा कतारला निघालो तेव्हा तुम्ही अंगणात लिंबाखाली बैलगाडीचं जू तासत होतात. मान वर न करता म्हणालात, "ज्या मुलखात झाड न्हाई, तिथं सुताराचं काय काम रं?" तेव्हा राग आला होता. इथं उतरल्यावर जास्त आला, कारण तुमचं खरं निघालं. कागदावर मी सुतारच होतो, शटरिंग कारपेंटर. काँक्रीट ओतायच्या आधी प्लायवूडचा साचा ठोकायचा, आणि काँक्रीट धरलं की तोच साचा पहारीनं उचकटून काढायचा. शहराबाहेर मुऐदरकडे एकामागून एक बंगले उठत होते. लोक त्यांच्या भिंती बघायचे, आणि आम्ही ठोकलेलं लाकूड मागच्या बाजूला वाळूत खिळ्यांसकट पडलेलं असायचं. तुमच्या हातचे पाळणे गावात तीन पिढ्यांना पुरले. माझं काम मोडायचं म्हणूनच केलेलं. हे तुम्हाला कसं सांगणार होतो?

पहिल्या सुट्टीत सगळे आणतात तेच आणलं: टू-इन-वन, घड्याळ, वाघाच्या चित्राचं ब्लँकेट. तुमची एक सवय सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. हातात पाट द्या, चौरंग द्या, आधी तो उलटा व्हायचा. वरून सगळेच गुळगुळीत करतात, काम बघायचं तर सांधा बघावा, असं तुमचं म्हणणं. तुम्ही टू-इन-वनही उलटा केलात. आई म्हणाली, "अवं, कॅसेट पडंल की त्यातली." तुम्ही म्हणालात, "हे समदं इस्क्रूवर हाय," आणि बाजूला ठेवून दिलात. घड्याळ डबीतच राहिलं. ब्लँकेट आईनं पांघरलं. मग तुम्ही विचारलंत, "तुझ्या हातचं तिथं काय उभं हाय?" मी म्हणालो, तिथं हातचं काम नसतं, आबा. "मग कुणाच्या तरी हातचं आण की," म्हणालात आणि लिंबाखाली जाऊन बसलात. सुट्टी संपेपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोललात.

ते वाक्य मी इथं घेऊन आलो आणि दगड चपलेत शिरावा तसं ते टोचत राहिलं. मला दुसरं काही नको होतं. माझ्या हातून दिलेली एक वस्तू तुम्ही ठेवून घ्यावी, एवढंच. पण हातची वस्तू आणायची कुठून? दुकानं जपानच्या आणि तैवानच्या मालानं भरलेली. दर शुक्रवारी मी सूकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, उगाच फेऱ्या मारायचो. अशाच एका फेरीत, मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी, चटई टाकून बसलेला एक आफ्रिकन माणूस दिसला. अंगात पांढरा पायघोळ झगा, डोक्यावर भरतकामाची टोपी. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गलबतानं आलेला. तिकडे गुजराती पेढीवर काम केलेलं, त्यामुळे हिंदी बोलायचा, आपल्यासारखीच मोडकी. त्याच्यापुढं सगळं हातचं होतं: टोपल्या, लांब दांड्याचे लाकडी चमचे, कंगवे, झाकणाच्या डब्या, बसायची बुटकी स्टुलं. "मेरा गाँव में चाचा लोग बनाता," म्हणाला.

त्या चटईशी मी किती शुक्रवार उकिडवा बसलो असेन! टोपली सुबक होती, पण तुम्ही म्हणणार, हे बुरडाचं काम, मला काय दाखवतोस. कंगव्यावर कोरलेला पक्षी आईला आवडला असता, तुम्हाला नाही. एक स्टूल मला फार आवडलं, पण त्याच्या एका पायाला बारीक तडा होता आणि तो तुम्हाला वेशीवरूनच दिसला असता. माझ्या खोलीत आपल्याच तालुक्यातला एक ड्रायव्हर होता. तो गाडीचा हॉर्न वाजवून माझ्यावर ओरडायचा, "यल्ला, चल की! सुताराच्या घरी लाकूड नेणारा पैला शाना तूच. उद्या कुंभाराला मडकं ने." उंटावरचे शहाणे आपल्याकडे म्हणीतच असतात, इथं खरे भेटतात. पण तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. तुमच्यापुढं लाकूड न्यायचं म्हणजे परीक्षेला बसायचं, आणि ज्यानं ते घडवलं तो मी नव्हतोच.

मग एकदा चटईवाल्यानं झग्याखालून, मांडीखालून म्हणा, ती तिवई काढली. मिटलेली होती तेव्हा नुसता तीन काठ्यांचा जुडगा वाटला. त्यानं मनगट फिरवलं आणि तीन पाय उघडले, वर कळशी ठेवता येईल अशी जागा झाली. तिन्ही पाय मध्यभागी एकमेकांतून गेलेले, वेणीचे पेड जावेत तसे. मी ती हातात घेतली आणि उलटी केली. तो मोठ्यानं हसला. "सब लोग ऊपर देखता है. तुम नीचे देखता है!" मी म्हणालो, मेरा बाप ऐसा देखता है. "देखो, देखो. जोड़ नहीं मिलेगा," तो म्हणाला. खरंच नव्हता. सगळं एकाच ओंडक्यातून कोरून काढलेलं. खिळा नाही, सरस नाही. मग एकमेकांत अडकलेले पाय सुटे कसे केले? माझं डोकं चालेना, पण एवढं कळलं, तुमच्यासाठी न्यायचं ते हेच.

दुसऱ्या सुट्टीत मी ती तुमच्यापुढं ठेवली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत पळालो. दाराआडून बघत होतो. तुम्ही उलटी केलीत. नख फिरवलंत, बोट ओलं करून फिरवलंत, मिटलीत, उघडलीत. आई जेवायला हाका मारून थकली. दुसऱ्या दिवशी तिनं त्यावर तांब्या ठेवला, तर तुम्ही उचलून खाली ठेवलात, "भांडं ठिवू नगंस त्याच्यावर." मला मात्र एक अक्षर नाही. सुट्टीभर मी झुरत राहिलो, आवडलं म्हणा, नाही म्हणा, काहीतरी म्हणा! निघायच्या दिवशी तुम्ही कधी नव्हे ते एस.टी.पर्यंत आलात. बॅग तुम्हीच धरली होतीत. गाडीची धूळ दिसल्यावर म्हणालात, "सांधा न्हाई त्याला." मग बॅग माझ्याकडे देत, "करणाऱ्याला माझा रामराम सांग. आन् इचार त्याला, लाकूड ओलं आसताना कापतो का सुकल्यावर. पुढल्या खेपंला मला सांग." आबा, तुम्ही माझ्याकडे आखातातून मागितलेली ती एकच वस्तू.

परत आलो तर त्या गल्लीच्या तोंडाशी चटई नव्हती. मसालेवाला म्हणाला, "खलास, गया." कधी येणार? "इन्शाल्ला." पुढचे किती शुक्रवार मी वेड्यासारखा शोधत फिरलो. गलबतं लागायची त्या धक्क्यावर जाऊन खलाशांना विचारलं. एकाला माझा प्रश्नच कळेना, तो मला जळाऊ लाकूड विकायला लागला. आणि मग तुम्ही गेल्याची तार आली. कॅम्पात माझ्या हाती पडली तोवर तुमचं दहावंही होऊन गेलं होतं. गावी गेलो तेव्हा आईनं कोपऱ्यातलं एक पोतं ओढून पुढं केलं. आत बाभळीच्या तिवया होत्या. काही ओल्या लाकडाच्या, काही सुक्या. सगळ्या मधोमध, पाय एकमेकांतून जातात तिथंच, फुटलेल्या. "ह्याच्यापायी जेवणं सोडलीती," ती म्हणाली. म्हणजे दोन्ही करून बघितलं होतंत तुम्ही. मग माझं उत्तर तुम्हाला नुसतं हवं नव्हतं, लागत होतं. त्या पोत्यानं मला आजवर स्वस्थ बसू दिलेलं नाही.

आणि परवा तो दिसला. दाढी पिकलेली, पक्षी विकतात त्या बाजूला बसलेला. मी ओळखलं त्याआधी त्यानंच मला ओळखलं, "नीचे देखने वाला!" मी धापा टाकतच विचारलं, गीला काटता या सूखा? तो म्हणाला, "गीला. पर काट के बंद करने का, छाँव में रखने का. सूखते सूखते लकड़ी अपना जगह पकड़ता. तब तक खोलने का नहीं. खोल के देखा तो फटेगा." उघडून बघितलं असणार तुम्ही, आबा. उघडून, उलटी करून. न बघता राहणं तुम्हाला जमलंच नसतं.

मी त्याला तुमचा रामराम सांगितला, सलाम म्हणून. त्यानं छातीला हात लावला आणि विचारलं, "बाप कैसा है? अच्छा?" माझ्या तोंडून निघून गेलं, "अच्छा है." तो म्हणाला, "तो बोलो उसको, जल्दी नहीं करने का." आणि मी त्याला खरं न सांगता म्हणालो, "बोलता हूँ."