गेटवरचा अभेद्य स्पीड ब्रेकर

२ ऑगस्ट, रविवार
सोसायटीच्या गेटवरचा स्पीड ब्रेकर यंदाही पावसात वाहून गेला. मीटिंगमध्ये मी पोलादी तंतूंच्या काँक्रीटचा प्रस्ताव मांडला. कॉलेजात माझा प्रोजेक्ट त्यावरच होता. पुढे नोकरी न्हावा शेव्याला कस्टम्स क्लिअरिंगमध्ये लागली, तो काँक्रीटचा दोष नाही.
चेअरमन हौसेराव म्हणाले, "करा की साहेब. सेक्रेटरीला उभं राहताय ना!"
निवडणुकीसाठी करतोय का मी? प्रामाणिकपणे तपासलं. नाही. निवडणूक आपोआप जिंकली जाईल, ते वेगळं.

८ ऑगस्ट
कळंबोलीहून तारांचे तुकडे आणले. ड्रॉइंग तयार. निम्मी जाडी जमिनीत, निम्मी वर.

९ ऑगस्ट
कंत्राटदार धर्मराज खोदायला लागला आणि मला पाण्याचा पाइप आठवला. नेमका कुठून जातो, कुणालाच माहीत नाही. लोकांचं पाणी धोक्यात घालणं माझ्या तत्त्वात बसत नाही. खोदकाम थांबवलं.
"मंग सगला वरच वतू का?" धर्मराज.
हो, पण जाडी ड्रॉइंगप्रमाणेच हवी म्हटलं. त्याने सगळी वरच ओतली. जाडीत तडजोड नाही.

१६ ऑगस्ट
क्युरिंग चालू, म्हणजे काँक्रीट पक्कं होईपर्यंत ओलं ठेवणं. भर पावसात छत्री धरून गोणपाटांवर पाणी मारलं. वॉचमन हसला. शास्त्र पावसाच्या भरवशावर सोडायचं नसतं. गाड्या बाहेर लावाव्या लागतात म्हणून लोक कुरकुरतात.

७ सप्टेंबर
पावणे एमआयडीसीतल्या लॅबमधून काँक्रीटच्या नमुन्याचा रिपोर्ट आला. अपेक्षेपेक्षा कितीतरी मजबूत! लिफ्टमध्ये चिकटवला. गेट उघडलं.
पहिली गाडी हौसेरावांची. पोट ब्रेकरवर टेकलं, चाकं हवेत गरगर. चौघांनी ढकलून काढली. मी वाकून पाहिलं, काँक्रीटवर ओरखडाही नाही. तसं सांगितलंही. हौसेरावांनी गाडीची काच वर केली. भारावले असावेत.

१० सप्टेंबर
वर आलेल्या तारांनी स्कूटर पंक्चर होतायत. बायको अबोली म्हणाली, "अहो, निदान त्याची दाढी तरी करा." ऑफिसला जाण्याआधी पक्कड घेऊन बसलो. एक गाल झाला.

१३ सप्टेंबर
उद्या गणपती. मूर्तीची ट्रॉली ब्रेकरपाशी अडली. मूर्ती हातांवर आत न्यावी लागली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "इंजिनिअरसाहेब, आता बाप्पाला रिपोर्ट दाखवा!"
हौसेरावांचा हुकूम, विसर्जनाआधी हे फोडा. संकल्प: लोकमताचा आदर करायचा.

१९ सप्टेंबर
धर्मराजने फोडायचं मशीन आणलं. दुपारी छिन्नी तुटली. ब्रेकरचा जेमतेम टवका उडाला.
"साहेब, यो तं नातवंडांना पुरंल!"
मी चेहरा गंभीर ठेवला. मनात आनंद झाला का? थोडा. हे नोंदवणं माझं कर्तव्य आहे.

२७ सप्टेंबर, सर्वसाधारण सभा
ब्रेकर फुटत नाही, म्हणून गेटच बाजूला सरकवायचं ठरलं. टाळ्या पडल्या. म्हणजे ब्रेकर कायम राहणार, आणि वरून कोणी जाणार नसल्याने झिजणारही नाही. टिकाऊपणाचा याहून मोठा पुरावा कोणता?
सेक्रेटरीपदी हौसेरावांचे मेहुणे श्यामसुंदर. मला एक मत.
स्वतःला मत देणं नैतिक आहे का, यावर मी सकाळभर विचार केला होता. शेवटी दिलं.
अबोली म्हणते, तिनेही मलाच दिलं. म्हणजे मोजणीत चूक आहे. फेरमोजणीचा अर्ज करतो म्हटलं.
"कशाला? जाऊ द्या ना," म्हणाली, आणि न मागता चहा आणला. सोबत भजी.