पडदा रविवारीच का लुकलुकतो

रविवार, ४ ऑगस्ट. संध्याकाळी, कॉल संपल्यावर

लॅपटॉपचा पडदा लुकलुकतो. आज ऐन कॉलमध्ये. आधी आडवे पट्टे, मग क्षणभर काळोख, मग परत बायकोचा चेहरा.

किरकोळ दुखणं आहे. गोदामात स्टोअरकीपर म्हणून लागलो तेव्हा संगणक म्हणजे काय हे साहेबांनाही माहीत नव्हतं. मी कुठल्या क्लासला गेलो नाही. मॅन्युअलं वाचली, मशीन खोललं, जोडलं, पुन्हा खोललं. आज प्रिंटर अडला की अख्खं गोदाम माझ्याकडे बघतं. बुधवारपर्यंत निकाल लावतो. दुकानात नेणार नाही. दुकानवाले भोळ्या माणसांसाठी असतात.

बायको बाळंतपणासाठी लेकीकडे गेली आहे, परदेशात. नात आता दीड महिन्याची. भेट रविवारी संध्याकाळी, पडद्यावर. त्यासाठी माझी तयारी शास्त्रोक्त असते. लॅपटॉप टेबलावर, झाकण जाईल तेवढं मागे. म्हणजे कॅमेऱ्यात मी, वरच्या फळीवरची मॅन्युअलं आणि भिंतीवरचं घड्याळ येतं. खालची खोली येत नाही. खालची खोली दाखवायची नसते, हा फोटोग्राफीतला पहिला नियम.

बायको म्हणे, अहो, झाकण इतकं मागे का टाकता, मला नुसती तुमची हनुवटी आणि छत दिसतंय, पुढे घ्या ना जरा. तिला फ्रेमिंग कळत नाही. मग म्हणे, घड्याळ बंद आहे का, मागच्या रविवारीही त्यात दहाला दहा मिनिटंच कमी होती. मी म्हटलं, कॅमेऱ्यात तसं दिसतं.

महत्त्वाचं: तिचं परतीचं तिकीट पंचवीस तारखेचं. लेक म्हणते, आईला अजून दोन महिने राहू दे ना बाबा, माझी नोकरी सुरू होतेय, तुमचं चालेल का? तिकीट बदलायचं तर अठराच्या संध्याकाळपर्यंतच बदलता येतं. मी म्हटलं, इथे सगळं फर्स्ट क्लास आहे, विचार करून सांगतो.

विचार झालेला आहे. तिने पंचवीसला यावं. यात भावनेचा प्रश्न नाही. गाळणी कुठे आहे, गॅसवाल्याचा नंबर कुठे आहे, हे तिलाच ठाऊक. निव्वळ व्यवस्थेची बाब. पण अशी गोष्ट लुकलुकत्या पडद्यावर बोलू नये. अर्धं वाक्य पोहोचलं तर अनर्थ. आधी पडदा, मग बोलणं.

सोमवार, ५ ऑगस्ट

ऑफिसात आयटीच्या मॅडमना सहज, बरोबरीच्या नात्याने, प्रकरण सांगितलं. त्या म्हणाल्या, काका, बंद करून परत चालू केलंत का?

काका! माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असतील.

घरी येऊन ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकला. आता अक्षरं दुपटीने मोठी दिसतात. हा दोष नाही, डोळ्यांना बरंच आहे. बाकीच्या अपडेटचा डाउनलोड हळू चालला होता, लक्ष ठेवायला माणूस हवा, म्हणून सोफ्यावरच झोपलो.

बुधवार, ७ ऑगस्ट

आज सलग निरीक्षण. लॅपटॉप टेबलावर, झाकण रोजच्यासारखं सरळ, समोर मी. ऑफिसातून आल्यापासून जेवेपर्यंत, आणि जेवतानाही. मी पडद्याकडे बघत होतो, पडदा माझ्याकडे. दोघांनीही पापणी लववली नाही.

ड्रायव्हरने काम केलं म्हणायला हरकत नाही. पण मी घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांतला नाही. अजून एक शक्यता: दोष फक्त रविवारी उद्भवतो. हसण्यासारखं वाटेल, पण मशीनलाही वार असतात. गोदामातला वजनकाटा फक्त सोमवारी चुकायचा. शेवटी कळलं, रविवारी वॉचमन त्यावर झोपायचा.

तर, रविवारी घरात वेगळं काय होतं?

आजही सोफा. बेडरूमची चादर अजून स्वच्छ आहे, उगाच मळवा कशाला.

शनिवार, १० ऑगस्ट

सापडलं. फ्रिज!

रविवारी सकाळी मी आठवड्याचं सामान भरतो. फ्रिज भरला की कॉम्प्रेसरला श्रम. कॉम्प्रेसर जोरात लागला की व्होल्टेज दबतं. व्होल्टेज दबलं की पडदा लुकलुकतो. साखळी पूर्ण आहे, एकही कडी निखळलेली नाही. उद्या कॉलआधी फ्रिज बंद करायचा. मग निवांत बोलायचं. वाक्यही तयार केलंय: तिकिटाचं म्हणशील तर, पंचवीसलाच आलेलं बरं. छोटं, सुटसुटीत. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्या वेळी जरा जास्त झालं, ते कमी करावं लागेल.

रविवार, ११ ऑगस्ट. कॉलनंतर

फ्रिज बंद. झाकण मागे. कॉल सुरू.

लुकलुकलाच.

त्यातही बायकोने नात कॅमेऱ्याजवळ आणली होती. नाक आजीवर गेलंय, हे मला अर्ध्या पट्ट्यातही कळलं. मी म्हटलं, तिकिटाचं म्हणशील तर... आणि पडदा काळा. परत उजेड आला तेव्हा नात रडत होती, लेक दुधाची बाटली शोधत होती, बायको विचारत होती, काय म्हणालात, काय तिकिटाचं? मी म्हटलं, काही नाही, इथे हवा बरी आहे.

बायको म्हणे, अहो, ते झाकण एकदा पुढे घेऊन बघा तरी. मी सांगितलं, प्रॉब्लेम इलेक्ट्रिकल आहे, झाकणाचा त्यात काही संबंध नाही. ती म्हणे, मला इलेक्ट्रिकल कळत नाही, मला तुमचं तोंड बघायचंय. बायकांची हीच गंमत. मुद्दा एक असतो, बोलतात दुसरंच.

सोमवार, १२ ऑगस्ट

काल फ्रिज परत चालू करायचा राहून गेला.

सकाळी स्वयंपाकघरात पाणी. दूध नासलं, भाज्या लोळागोळा. फ्रीझरमधला डबाही गेला. जाताना तिने आठवड्याभराचे डबे करून ठेवले होते, प्रत्येकावर वाराची चिठ्ठी. शनिवारचा तेवढा मी ठेवला होता. पुढे कधी अडचणीत उपयोगी पडेल म्हणून, दुसरं काही नाही. चिठ्ठीवरची शाई पसरली होती. डबा घासून ठेवला.

नाहीतरी जुना झाला होता.

फ्रिजचा सिद्धांत मागे घेत आहे.

बुधवार, १४ ऑगस्ट

दुकानात गेलो. दुरुस्तीसाठी नाही. दुसरं मत घ्यायला. मोठे सर्जनही घेतात.

दुकानदाराने लॅपटॉप काउंटरवर ठेवला, झाकण उघडून उभं केलं, अर्धा तास त्यावर क्रिकेट बघितलं. एकदाही लुकलुकला नाही. मला म्हणाला, साहेब, डॉक्टर दिसला की पेशंट बरा होतो, तसं आहे हे. घरी कोण आहे, तुम्ही एकटेच? मग होतात असे भास कधीकधी.

भास! मी म्हटलं, मालक, मी गोदामातले तीनशे रॅक डोळे मिटून सांगतो. तो म्हणाला, मग डोळे उघडे ठेवून स्क्रीन बदलून घ्या, लॅपटॉप आठवडाभर ठेवून जा. आठवडाभर! म्हणजे मधला रविवार गेला. अठरा तारीख गेली. मी लॅपटॉप बगलेत मारला आणि निघालो.

येताना घड्याळाचा सेल घ्यायचा होता. तो राहिला. सोफा, कारण पाठ दुखत होती. बेडरूमची गादी फार मऊ आहे, आणि एकट्याला फार रुंद.

शनिवार, १७ ऑगस्ट

आज शस्त्रक्रिया. दोष आत आहे. आत जाणाराच बाहेर काढील.

टेबलावर पांढरा टॉवेल, स्क्रू ठेवायला वाटी. खालचं कव्हर काढलं. धूळ ब्रशने झाडली. झाकणाकडे जाणारी केबल बिजागरीतून जाते, ती पाहायला बिजागरी सैल केली. केबल बिजागरीपाशी जरा चुरगळल्यासारखी दिसली, पण ती प्रत्येकच यंत्रात तशी असते. सगळं होतं तसं बसवलं.

एक स्क्रू उरला. कंपन्या जास्तीचा देतात.

दिवसभर लॅपटॉप चालू ठेवला, लुकलुक नाही. वाक्य पाठ आहे. उद्या पहिल्या पाच मिनिटांत बोलून टाकणार. तब्येतीच्या चौकशा नंतर.

रविवार, १८ ऑगस्ट. सकाळ

झाकण राहत नाही. मागे टाकलं की धप्पकन आडवंच होतं, वहीसारखं. उरलेला स्क्रू बिजागरीचा होता असं दिसतं. तो आता सापडत नाही. वाटी मीच घासून ठेवली.

हरकत नाही. झाकणामागे जाड डिक्शनरी उभी केली. आता झाकण सरळ उभं राहतं. मागे झुकवता येत नाही एवढंच. फ्रेमिंगवर थोडा परिणाम होईल, पण आज विषय महत्त्वाचा आहे.

दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला.

रविवार, १८ ऑगस्ट. कॉलनंतर

नोंद नीट व्हावी म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

कॉल लागला. चित्र काचेसारखं. पट्टा नाही, काळोख नाही. मी म्हटलं, बघ, एकदाही नाही! मी सांगत होतो ना, दोष आत होता. धूळ, केबल, कॉन्टॅक्ट सगळं तिला समजावून सांगितलं. पाच मिनिटं त्यातच गेली. ती काही बोलेना. पडदा गोठला की काय म्हणून मी हात हलवला. तिच्या मागे पंखा फिरत होता. गोठला नव्हता.

मग तिने विचारलं, सोफ्यावर झोपता का तुम्ही?

मी मागे बघितलं. झाकण सरळ, त्यामुळे खालची सगळी खोली कॅमेऱ्यात. सोफा, उशी, जेवणाचं ताट, आणि पांघरूण म्हणून तिची शाल. ती हाताशी लागली म्हणून घेतली होती. दुसरं पांघरूण वरच्या माळ्यावर आहे.

मी म्हटलं, बेडरूमचा पंखा आवाज करतो.

ती म्हणे, पंखा आवाज करतो, आणि तुम्ही दुरुस्त केला नाहीत? तुम्ही?

मी म्हटलं, वेळ झाला नाही.

तिने नात लेकीकडे दिली. खुर्ची ओढून पुढे आली. इतकी पुढे की चष्म्याच्या काचेत मला माझा चौकोन दिसला, सोफ्यासकट. म्हणाली, अहो, लेक आता तिकीट बदलायला बसतेय. मला खरं सांगा. येऊ मी पंचवीसला? तुम्ही ये म्हणालात तर येते.

वाक्य तयार होतं. छोटं, सुटसुटीत.

मी म्हटलं, हॅलो? हॅलो? परत लुकलुकतंय बघ, तुझं काही ऐकू येत नाहीये.

ती म्हणे, मला तर तुम्ही स्वच्छ दिसताय.

मी म्हटलं, माझ्याकडूनच प्रॉब्लेम आहे. आणि डिक्शनरी काढून घेतली. झाकण आडवं झालं. कॅमेऱ्यात छत गेलं असेल. मग कॉल बंद केला.

थोड्या वेळाने परत लावावा असं ठरवलं. पण लगेच लावला तर उतावळं दिसेल. आधी ताट उचललं, शाल घडी घालून कपाटात ठेवली, उशी बेडरूममध्ये नेली. खोली व्यवस्थित झाल्यावर बोलणं जास्त योग्य. तोवर लेकीचा मेसेज आला: बाबा, वाट बघितली, तुमचा कॉल परत आला नाही. आईचं तिकीट ऑक्टोबरचं केलं. तुम्ही फर्स्ट क्लास आहात म्हणून आईला थांबवून घेतेय हं.

मी अंगठा पाठवला.

सोमवार, १९ ऑगस्ट. सकाळ

अंतिम अहवाल. झाकण फार मागे टाकलं की बिजागरीपाशी केबल दबते आणि पडदा लुकलुकतो. सरळ ठेवलं की नाही. रविवारीच लुकलुकायचा, कारण मागे मी फक्त रविवारीच टाकायचो. हे मी स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय, शोधून काढलं. बायकोने झाकणाबद्दल काहीतरी म्हटलं होतं, पण तिचा उद्देश तांत्रिक नव्हता.

बेडरूमचा पंखा चालवून पाहिला. अजिबात आवाज करत नाही.

शाल कपाटातून परत काढली. लॅपटॉप ठणठणीत आहे.