घासलेलं पिस्तूल

५ ऑक्टोबर १९८६
आजपासून थोरल्या भावाच्या, एमेटच्या घरात मुक्काम. ओहायोतलं हे गाव या दिवसांत असं लालपिवळं होतं की ओठांवर आपोआप कविता येते; चाळीस वर्षं शाळेत मुलांकडून पाठ करून घेतल्या, त्या आता माझीच पाठ सोडत नाहीत. एमेट उन्हाळ्यात झोपेतच गेला. त्याची एकुलती एक लेक लोर्ना म्हणाली, काका, घर विकेपर्यंत तुम्हीच राहा, तुमच्या कविता ऐकून उंदीर तरी पळतील. शेजारच्या बाईंनी भोपळ्याचं सारण भरलेला गोड ‘पाय’ भाजून आणून दिला. दोन तुकडे खाल्ले.

८ ऑक्टोबर
माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात एमेटचं पिस्तूल सापडलं. युद्धातून आणलेलं, जर्मन अधिकाऱ्याचं. सोबत त्याचं कातडी म्यान आणि मूठभर गोळ्या. नाताळच्या जेवणानंतर एमेट सांगायचा, समोरासमोर उभे ठाकलो, त्यानं पिस्तूल रोखलं, पण माझी गोळी आधी सुटली. आम्ही पोरांसारखे ऐकायचो. लोर्नाला ते विकून छप्पर दुरुस्त करायचंय. मुठीच्या लाकडावर तपकिरी डाग होते. तारेची घासणी आणि तेल घेऊन दुपारभर घासलं. लख्ख झालं. चांगला भाव येईल.

१० ऑक्टोबर
जुन्या हत्यारांचे व्यापारी हॉस्टेटलर यांच्याकडे गेलो. पिस्तूल पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. मास्तर, चांदीचं ताट वाटलं का हे? अर्धी किंमत घासून टाकलीत. अशा वस्तूचा मळसुद्धा विकतात, म्हणाले. पिस्तुलावरचा आणि त्यातल्या गोळ्यांच्या मॅगझिनवरचा आकडा जुळला, म्हणजे जोडी अस्सल, तेव्हा जरा खुलले. मग म्यान उलटंपालटं केलं आणि दिव्याखाली धरलं. झाकणाच्या कडेला भोक होतं, कातडं आतून बाहेर फाटलेलं. त्यांनी बोट फिरवून दाखवलं: गोळी पाठीतून शिरली, पोटातून निघाली, इथून बाहेर पडली. भोक म्यान आणि झाकण दोन्हींतून एका रेषेत, म्हणजे बक्कल तेव्हा लावलेलंच होतं. या माणसानं पिस्तूल काढलंच नव्हतं.
पाठीत. आमच्या एमेटनं.
तुम्ही घासलात तो त्याच्या रक्ताचा डाग असणार, असंही ते म्हणाले. विकत घ्यायला मात्र तयार झाले नाहीत.

१३ ऑक्टोबर
डाग माझ्या उजव्या तळव्यावर आलाय. साबणानं जात नाही, रॉकेलनंही नाही. जेवताना हा हात काटा धरतो तो माझ्या पद्धतीनं नाही. ताठ, शिस्तीत, कवायतीत वाढल्यासारखा.

१६ ऑक्टोबर
खिडकीशी कविता वाचत बसलो होतो. भानावर आलो तर मांडीवर पिस्तूल, मॅगझिन भरलेलं. मला भरता येत नाही. आयुष्यात हत्यार धरलेलं नाही.
नदीत टाकायला गेलो. हात उघडला नाही.
परतल्यावर त्या हातानं भिंतीवरचा फोटो उतरवला. एमेट आणि छोटी लोर्ना. एमेटच्या तोंडावर अंगठा आपटला, एकदा, जोरात. मग हळूच लोर्नाकडे सरकला. तिथेच थांबला.
एमेट सुटला. अंथरुणात, शांतपणे. म्हणून हा मेलेला जर्मन आता त्याचं लेकरू मागतोय.

१८ ऑक्टोबर
डाव्या हातानं लिहितोय. अक्षर वाईट, माफ कर, लोर्ना. तुला फोन लावला, उद्या येऊ नकोस म्हणणार होतो — त्यानं तार उपटली. त्याला म्हटलं, मीही एमेटचंच रक्त, मला घे. पिस्तुलाची नळी माझ्या कपाळापर्यंत आणली त्यानं. आणि खाली केली. म्हातारा नको त्याला. एमेटला जिथे दुखलं असतं तिथेच —

१९ ऑक्टोबर
हात कपडे वाळवायच्या दोरीनं पलंगाला बांधला. गाठ दातांनी ओढून घट्ट केली.
गाडी आली. तिचीच.
ओरडलो, जा, परत जा. ती खालून हसतेय. काका, ऐकू येत नाहीये, दार कसं उघडं टाकलंत, थांबा, मीच येते वर —
गाठ सोडतोय. घाई नाही त्याला.
पोरी, हा हात माझा नाही, एवढं लक्षात —
जिना चढतेय. गुणगुणतेय, मी शिकवलेलंच —
दोरी पडली. उशाखालून पिस्तूल काढलं त्यानं. माझा हात म्हातारपणानं कापायचा. आता कापत नाही. किती स्थिर धरलंय त्यानं पिस्तूल, किती —
काका, असं का बघ