व्हय म्हणणारी माणसं

प्रिय सत्यवान,

अनेक उत्तम आशीर्वाद. यापुढे तुझ्या सुगंधाकाकीने आपल्या मनाने चार ओळी घातल्या होत्या, ‘इकडील सर्व क्षेम’ वगैरे. त्या मी वाचून घेतल्या आणि खोडायला लावल्या. वर काळं दिसलं तर म्हणूनच. मी सांगते मालवणीत. ती सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे कागदावर घेताना सगळं धुऊन इस्त्री करून घेते. जिथे इस्त्री बसणार नाही तिथे तसंच चुरगळलेलं राहू दे म्हटलं आहे. आज पावसाने उघडीप दिली आहे, जाळी वाशांवर टाकली आहेत. आम्ही पडवीत बसलो आहोत, समोर खुर्चीत आजोबा, तुझे दाजी. एवढं सांगून झालं तरी त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलेलं नाही. तुला नवल वाटेल. वाटू दे.

तुझं पत्र नारळी पुनवेच्या आदल्या आठवड्यात आलं. तुझ्या काकाने, भाईने, वाचून दाखवलं. तू एम.ए. झालास, बरं झालं. आता तुझा तो प्रोफेसर म्हणतो की अजून तीन वर्षं राहा, मोठी पदवी घे आणि आपल्या किनाऱ्यावरच्या गाऱ्हाण्यावरच ग्रंथ लिही. देवापुढे नारळ ठेवून एकाने सगळ्यांच्या वतीने बोलायचं नि बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं, यात त्या गोऱ्या माणसाला एवढं काय सापडलं देव जाणे. तू लिहितोस, दाजींकडून गाऱ्हाण्याचे शब्द उतरवून घ्या आणि पाठवा, आणि राहू की परत येऊ तेही त्यांनाच विचारा. ‘दाजी म्हणतील तसं करीन, तिकडे थंडी पडायच्या आत कळवा.’ म्हणजे दोन प्रश्न, दोन्ही दाजींना. आजीच्या वाट्याला शेवटचा नमस्कार. तो पोचला.

बाजारात माझ्या शेजारी मासे घेऊन बसते ती चंद्रावती तुझी चौकशी करते. नातू थंय काय शिकता गो, म्हणाली. मी म्हटलं, बोलाक शिकता. तर म्हणते, “एवढ्या लांब? मुको होतो काय?” मी तिच्या टोपलीतली सुंगटं पालथी घालणार होते, पण मग मलाच हसू आलं. तू एकदा चार पानं समजावून लिहिलं होतंस, बोलणारा कसा बोलतो, ऐकणारा त्याचं का मानतो, जुन्या काळची माणसं त्याचं शास्त्र कसं करत. मी ते दोनदा वाचून घेतलं. खोटं कशाला सांगू, निम्मं डोक्यावरून गेलं. पण तू हेच का शिकायला गेलास ते मला कळलं, ते त्या चार पानांत कुठे नव्हतं. प्रोफेसराला तरी सांगितलंस का रे?

आठवतं ना? आईबाप मुंबईला, तू आमच्याकडे. पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नाहीस आणि बोलायला लागलास तेव्हा प्रत्येक शब्दाला उंबरठा. पाणी मागायचं तर ‘प’वरच तुझी होडी रुतायची, मान लाल व्हायची, शेवटी तूच उठून तांब्यातून घ्यायचास. तो बाबली, आता मुंबईत पट्टेवाला आहे तो, वाडीभर सांगत फिरायचा, “सत्यवान बोलाक लागलो काय भरती येवन ओहोटी लागता.” तू हसायचास त्याच्याबरोबर, मग घरी येऊन रांजणामागे बसायचास. मी नवस बोलले, जिभेला वेखंड लावलं, भराडीदेवीच्या जत्रेत मसुऱ्याला नेऊन पायांवर घातलं. दाजींनी यातलं काही केलं नाही. त्यांनी तुला नारळी पुनवेला किनाऱ्यावर नेलं नि गाऱ्हाणं घालताना पुरुषांच्या रांगेत उभं केलं. मी मागे बायकांत. सगळे व्हय म्हाराजा ओरडले आणि त्यांच्यात तुझा आवाज स्वच्छ आला. कुठे अडकला नाही, ठेचकाळला नाही. चारचौघांबरोबर म्हणताना तुझी जीभ मोकळी होते, हे त्या माणसाला कसं कळलं मी कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून वाडीत कुठेही नारळ ठेवायचा असला की दाजींच्या धोतराला धरून तू हजर. व्हय म्हणत म्हणतच तू बोलायला शिकलास.

आता एक गंमत सांगते. तुझी जीभ कुठल्या अक्षरावर अडायची ते मला सगळं पाठ आहे, पण तुझा आवाज आठवत नाही. दोन वर्षांत गेला. पत्रं येतात, पण भाई ती लिलावात बोली पुकारल्यासारखी वाचतो, आणि सुगंधा वाचते ती शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखी. तू लिहिलंस, ‘आजी, इथे बर्फ पडलं की तुझी तिरफळं घातलेली बांगड्याची कढी आठवते.’ भाईने ते वाचलं आणि मला वाटलं, भाईलाच कढी हवी आहे. केली मी. खाल्ली त्याने. तू कसं म्हणाला असतास ते मी चुलीपुढे बसून खूप शोधलं. कधी दुपारी बाजारातून येताना खाडीच्या कडेला कोणी आजी अशी हाक मारतं नि मी थांबते. दुसऱ्याच कोणाची तरी आजी असते.

आता सुगंधाची लेखणी थांबली आहे. ती माझ्याकडे बघते आहे. लिही गो, म्हटलं, भाई काय म्हणायचा तो म्हणू दे. सत्यवान, शिमगा संपला आणि दाजींच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी वल्ह्याला तेल लावत होते, ते हातातून गळलं. उजवा हात, पाय नि जीभ. पाय थोडा परत आला, काठी घेऊन अंगणातल्या खळ्यापर्यंत येतात. जीभ आली नाही. भाईने ठरवलं की तुझी परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही. नंतर तुझं पत्र आलं, त्यात तू आनंदात होतास, मग म्हणाला आणखी थोडं थांबूया. ‘दाजी आशीर्वाद सांगतात’ असं तो तुला लिहीत आला, ते त्याने त्यांच्या तोंडाकडे बघून लिहिलं. तोही वाईट नाही. घरातला मोठा झाला की माणूस असलं काहीतरी करतो.

तर यंदा नारळी पुनवेला गाऱ्हाणं कोणी घालायचं? भाईने. दुसरं कोण? दाजींना खुर्चीसकट उचलून किनाऱ्यावर नेलं, होड्या रांगेत, माणसं पागोटी बांधून उभी. भाईने पाण्यापुढे नारळ धरला. सुरुवात बरी केली. समुद्राचं नाव घेतलं, वेशीवरच्या राखणदाराचं घेतलं. मग नेमका श्वास कुठे तोडावा हे त्याला कळलं नाही. म्हणाला, “बा देवा म्हाराजा, ह्या वर्षा आमच्यो होड्यो बुडाक” आणि थांबला. ‘दिव नको’ अजून पोटातच. आणि आपली माणसं, जन्माची सवय, कोणी थांबला की व्हय म्हणायचं. सगळी वाडी एका दमात ओरडली, “व्हय म्हाराजा!”

हसलास ना? मीही आता हसते. तेव्हा कोणी हसलं नाही. शंकर तांडेल तर वाळूतच बसला. होड्या बुडव म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून देवाला सांगितलं होतं रे! भाईचं तोंड राखेसारखं झालं, पुढचा शब्द येईना. आता हा नारळ पाण्यात सोडायचा कसा आणि होड्या लोटायच्या कशा? सगळे दाजींकडे बघू लागले. आणि दाजी खुर्चीचा हात डाव्या मुठीने आवळून धडपडत होते, मान लाल झाली होती, तोंडातून नुसती हवा. तेव्हा मला तू दिसलास. पाणी मागणारा.

मी टोपली खाली ठेवली आणि पुढे गेले. मागून शेजारची रुक्मिणी पदर ओढते आहे, “अगो, बायलमाणूस गाऱ्हाणा घालता?” मी म्हटलं, पुरुषांनी होड्या बुडवल्या, आता बायका काढतील. भाईच्या हातातला नारळ घेतला. दाजींचे शब्द मला येत नाहीत, चाळीस वर्षं मागे उभी राहून माझं लक्ष नेहमी त्यांच्या पाठीकडे. म्हणून सरळ सांगितलं, बा देवा म्हाराजा, माका गाऱ्हाणा येणा नाय. ह्या झिलान जा सांगल्यान ता चुकान सांगल्यान, ता तुया आयकाक नाय आसा समज. आमच्यो होड्यो बुडाक दिव नको. दर्यात गेलेली माणसा घराक परत हाड. आणि थांबले.

कोणी व्हय म्हणेना. एवढे पुरुष, पण एक बाई गाऱ्हाणं घालते आहे, तिला व्हय म्हणावं की नाही हे कोणालाच माहीत नाही. लाट आली, माझे पाय भिजले. आणि मागून खुर्चीतून आवाज आला. शब्द नव्हता तो, होडी खडकावर घासावी तसा. पण मला कळला, सगळ्यांना कळला. व्हय. दाजींनी म्हटलं आणि मग सगळा किनारा ओरडला, आणि त्या ओरडण्यात ते पुन्हा म्हणाले, यावेळी बरंच स्वच्छ. मी नारळ सोडला. सोडताना दिसत काही नव्हतं, वारा फार होता डोळ्यांत.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी पडवीत गाऱ्हाणं घालते. देव कंटाळला असेल. बा देवा म्हाराजा, आज पेजेत मीठ ज्यास्त झाला, ता ह्या म्हाताऱ्यान गुपचूप गिळल्यान, त्येका शाणपण दी. दाजी माझ्याकडे डोळे वटारतात आणि व्हय म्हणतात. सुगंधा जवळ असली नि तिनेही म्हटलं तर जरा उघडं येतं. एकटे म्हणायला गेले की पुन्हा रुततात. मालवणचे डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा, औषधापेक्षा बरं. पण असंही म्हणाले की वारं एकदा आलं की वाट विसरत नाही. परवा शेजारची माणसं बसली होती, त्यात दाजी ‘म्हाराजा’पर्यंत पोचले, आणि मग दाराकडे बघत राहिले. कोणाची वाट बघत होते, ते मी तुला सांगायला नको.

मला माहीत आहे, मी काय लिहायला हवं. भाईने तर सांगूनच ठेवलं होतं, ‘राहा बाळा, मोठी पदवी घे, दाजींची इच्छा आहे’ असं लिही म्हणून. शहाणी आजी तसंच लिहिते. पण तू दाजींना विचारलंस आणि दाजींना बोलता येत नाही, तेव्हा त्यांच्या वतीने मी बोलते. गाऱ्हाणं दुसऱ्याच्या वतीनेच घालायचं असतं. बा सत्यवाना म्हाराजा, ज्याने तुला रांगेत उभं केलं तो माणूस आता एकटा पडवीत बसला आहे नि त्याच्याबरोबर व्हय म्हणायला माणसं पुरत नाहीत. दोघांचं गाऱ्हाणं होत नाही रे. शब्द कागदावर हवेत तर सुगंधा उतरवेल, पण व्हय काही पाकिटातून जात नाही. ते तीन वर्षांचं शिक्षण थांबेल, कदाचित कायमचं राहील, त्याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण तू ये. हेच सांगायला एवढा कागद भरला. देवाला गाऱ्हाणं घातलं तर तो जाब देत नाही, आपणच आपल्याला व्हय म्हणून घेतो. तुला घातलं आहे. तू दे.

तुझीच, दाराकडे पाठ करून बसलेली, कारण दाराकडे दाजी बघतातच,
आजी